बोटावरची शाई : दौतीपासून मतपेटीपर्यंत

लिहिणाऱ्याचा हात आणि शाई यांचा सहवास लिपीइतकाच जुना आहे. टाक सांडतो, दौत कलंडते, लेखणी गळते आणि बोटांवर डाग पडतो. मग तो घालविण्याची घाई सुरू होते. कोणी लिंबू पिळतो, कोणी दगडाने घासतो, कोणी रॉकेलची चिंधी फिरवितो. वरवर पाहता ही घरगुती बाब आहे; इतिहासाने तिची दखल घ्यावी असे तिच्यात काही दिसत नाही. परंतु याच देशात एक शाई अशीही आहे की जी पुसली जाऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी परिश्रम केले आणि जिचा डाग कोट्यवधी लोक आपण होऊन बोटावर लावून घेतात. एका शाईचा डाग क्षणात धुतला जातो, दुसरीचा आठवडाभर राहतो, तिसरीचा जन्मभर जात नाही. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शाईच्या रंगात सापडत नाही. ते माणसाच्या कातडीत सापडते. ज्या नगरीने दरबारी दौतीपासून मतपेटीपर्यंत शाईची सगळी स्थित्यंतरे पाहिली, त्या ग्वाल्हेरच्या निमित्ताने ते शोधणे सोयीचे होईल.

दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायम केली. त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. लष्कराबरोबर तलवारी आल्या, तशा लेखण्याही आल्या. चिटणीस, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस अशी कारकुनांची एक फौजच मराठी सत्तेच्या पाठीमागे चालत असे. बोरूची लेखणी, मोडी लिपी, हाताने केलेला कागद आणि ओल्या अक्षरांवर टाकावयाची बारीक वाळू, ही तिची आयुधे. या कारकुनांची शाई काजळाची असे. तेलाच्या दिव्याची काजळी धरावयाची, तीत डिंकाचे पाणी घालावयाचे आणि ती पुष्कळ वेळ खलावयाची. खल जितका अधिक, तितकी शाई गुळगुळीत व काळीभोर.

ही काजळी म्हणजे कोळशाची अतिसूक्ष्म पूड, शास्त्राच्या भाषेत कार्बन. कार्बनावर हवेचा, पाण्याचा किंवा सूर्यप्रकाशाचा सहसा काही परिणाम होत नाही. म्हणून काजळाच्या शाईचे लेखन शतकानुशतके टिकते. 1937 साली ग्वाल्हेर दरबारातर्फे रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेली महादजी शिंदे यांची कागदपत्रे प्रसिद्ध झाली. महादजींना जाऊन तेव्हा 143 वर्षे झाली होती. पण त्यांच्या वेळची अक्षरे वाचावयास कागदावर शिल्लक होती. आता मौज अशी की, कागदावर दीड शतक टिकणारी हीच शाई कारकुनाच्या बोटावर मात्र सायंकाळपर्यंतदेखील टिकत नसे. कार्बनाचे कण कातडीशी कोणतेही रासायनिक नाते जोडीत नाहीत. ते वर पडून राहतात, फार तर रेषांत आणि नखांच्या कडांत अडकतात. त्यांना धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो. तेव्हा पाणी, थोडा शिकेकाईचा वा साबणाचा फेस आणि बोटांचे हलके चोळणे एवढ्यावर काम भागे.

परंतु या काजळीचेच एक दुसरे रूप मराठी घरांत दिसे. जुन्या पिढीतील स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि मनगटावर जे हिरवट गोंदण असे, तेही बहुधा काजळीचेच होते. गोंदणारीण सुईने कातडी टोचून काजळी आत बसवी, आणि मग कितीही धुतले तरी ती जात नसे. पदार्थ एकच, एका ठिकाणी तो ओंजळभर पाण्याने जातो, दुसऱ्या ठिकाणी चितेपर्यंत सोबत करतो. हा फरक केवळ खोलीचा आहे.

मनुष्याच्या कातडीचे स्थूलमानाने दोन भाग आहेत. वरचा भाग पातळ असून त्याच्या अगदी बाहेरच्या बाजूस मृत पेशींचे चपटे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. खालून नव्या पेशी तयार होऊन वर सरकत राहतात आणि जुने पापुद्रे न कळत झडून जातात. अशा रीतीने साधारणतः महिनाभरात हा सबंध वरचा थर नवा होतो. त्याच्या खालचा भाग जाड आणि जिवंत असून त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. तो असा झडत नाही. जी शाई पापुद्र्यांवर पडली ती धुतली जाते, जी पापुद्र्यांत मुरली ती पापुद्र्यांबरोबर झडते आणि जी खालच्या थरात गेली ती तेथेच राहते. शाईच्या डागाविषयीचे सारे शहाणपण या एका वाक्यात आले, असे म्हणावयास हरकत नाही. यातूनच निघणारा दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. डाग घालविण्यासाठी कातडी खरवडणे म्हणजे शाईला खाली जाण्यास वाट करून देणे होय.

काजळाच्या शाईनंतर कचेऱ्यांत आणि शाळांत लोखंडी शाईचा काळ आला. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. मायफळ, हिरडा किंवा बाभळीची साल यांच्या तुरट काढ्यात तो मिसळला म्हणजे ही शाई तयार होते. ती लिहिताना फिकी दिसते, पण हवा लागताच काळी पडते. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून पुढे तिच्यात निळा रंग मिसळू लागले आणि निळीकाळी शाई प्रचारात आली. 1856 साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला. त्यामागोमाग अशा कृत्रिम रंगांची रांगच लागली आणि निळ्या, तांबड्या, हिरव्या शाया स्वस्त झाल्या. महाराष्ट्रात दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 साली मुंबईत शाईच्या पुडी व गोळ्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. तोच पुढे ‘कॅम्लिन’ या नावाने घरोघर पोहोचला. पाण्यात गोळी विरघळविली की दौत भरली. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या या शाईवर शिकल्या, आणि टाक डोक्याच्या केसांना पुसण्याची त्यांची सवय गुरुजींच्या छडीलाही मोडता आली नाही.

या नव्या शाया काजळासारख्या अलिप्त नव्हत्या. मेलेल्या पापुद्र्यांतील प्रथिन हे लोकरीतील प्रथिनाच्या जातीचे आहे. लोकर जशी रंगते, तशीच कातडीही या रंगांनी रंगते. म्हणून निळी शाई साबणाने फिकी होते, पण एका धुण्यात नाहीशी होत नाही. लोखंडी शाईचा काळा अंश तर लोखंडाच्या गंजासारखा चिकटून बसतो. त्यावर आंबट पदार्थाचा गुण येतो हे लोकांच्या लवकरच ध्यानात आले, कारण आम्लात लोखंडाचे हे संयुग विरघळते. लिंबाची फोड हे त्यासाठीचे घरगुती औषध झाले.

तथापि, या औषधातही एक खोड आहे. लिंबाच्या रसात व सालीत असे काही पदार्थ असतात की, ते कातडीवर राहिले असता आणि त्यावर ऊन पडले असता कातडी भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांनी ती लाल होते, कधी फोड येतात आणि नंतर तेथे तपकिरी डाग उमटतो. हा डाग कित्येक आठवडे, कधी महिनेही राहतो. म्हणजे चार दिवसांत जाणारी शाई घालविण्याच्या नादात तिच्याहून चिवट असा दुसरा डाग पदरात पडतो. लिंबू वापरावयाचेच असेल तर ते घरात, सावलीत आणि क्षणभर वापरावे, नंतर हात साबणाने पुरते धुवावेत. लहान मुलांना व ओरखडलेल्या हाताला ते लावूच नये.

याहून तीव्र उपाय कचेऱ्यांतून आले. कागदावरची चूक पुसण्यासाठी दोन बाटल्यांचे शाईनाशक विकत मिळे. एका बाटलीत आम्ल असे, दुसरीत कपडे पांढरे करण्याच्या पुडीच्या जातीचा क्लोरीनयुक्त द्राव. कागदासाठी केलेली ही वस्तू कित्येकांनी बोटांसाठी वापरली. ही दोन्ही एकत्र आली म्हणजे क्लोरीन वायू सुटतो. 1915 च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील ईप्र येथील रणांगणावर विषारी वायू म्हणून सोडण्यात आला तो हाच. बाटलीतील प्रमाण अल्प असले तरी बंद खोलीत त्याने घसा व डोळे जळतात. शाईनाशकात व गंजनाशकात वापरले जाणारे ऑक्झॅलिक आम्ल तर पोटात गेल्यास विषच आहे. जे कागदाचा रंग खाते ते कातडीला सोडील, अशी समजूत करून घेण्यास काही आधार नाही.

कारकुनांच्या जोडीला लष्करात छापखान्याचे कामगार आले. ग्वाल्हेर दरबाराचा ‘आलीजाह दरबार प्रेस’ हा छापखाना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी अहवाल आणि ग्रंथ छापीत असे. छापखान्याची शाई वेगळ्या जातीची असते. ती तेलात खललेली काजळी होय. शिसाच्या खिळ्यांना पाण्याची शाई नीट धरीत नाही, म्हणून तेलाची योजना करावी लागली. हिच्यावर नुसत्या पाण्याचा इलाज चालत नाही. तेलाला तेलच विरघळविते. म्हणून आधी खोबरेल किंवा गोडे तेल चोळावे, ते मऊ फडक्याने टिपावे आणि मग साबणाने हात धुवावेत, हा सुरक्षित मार्ग आहे. पण यंत्र पुसण्यासाठी रॉकेल हाताशी असल्यामुळे हातही त्यानेच पुसण्याची रीत अनेक छापखान्यांत पडली. रॉकेल, पेट्रोल व रंगाऱ्याचे थिनर ही द्रव्ये शाईबरोबर कातडीतील नैसर्गिक स्निग्धताही धुऊन नेतात. रोजच्या रोज असे झाले म्हणजे हात कोरडे पडतात, भेगाळतात, खाजतात. भेगांतून शाई आत शिरते आणि मग ती घालविण्यासाठी आणखी रॉकेल लागते. आगीचा धोका तो निराळाच.

1938 साली लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने बॉलपेनचे पेटंट घेतले. बॉलपेनची शाईही पाण्यात न विरघळणारी, तेलकट व घट्ट असते. तिलाही आधी तेल व मग साबण हाच क्रम लागू पडतो. आणि थोडे स्पिरिट किंवा हात निर्जंतुक करण्याचे द्रावण कापसावर घेऊन टिपल्यास ती लवकर सुटते. मात्र स्पिरिट ज्वालाग्राही आहे. चुलीपाशी ते वापरू नये, तान्ह्या मुलाच्या अंगाला लावू नये, डोळे, ओठ आणि जखम यांपासून ते दूर ठेवावे.

लिहिता येणाऱ्यांच्या बोटावरची शाई ही अशी नाना प्रकारची होती. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या वाट्याला शाई आली ती अंगठ्यावर. बंगालमधील जंगीपूर येथे 1858 साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. ठशावरून मनुष्य ओळखण्याच्या पद्धतीचे मूळ तेथे आहे, आणि 1897 साली कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. महाराष्ट्रातील कुणब्याला मात्र या शास्त्राशी कर्तव्य नव्हते. त्याच्यासाठी कागदावर काय लिहिले आहे हे न कळता खतावर करावयाची खूण म्हणजेच लिखापढी. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांची कर्जखतेच जाळली. अंगठ्याची शाई घरी जाऊन धुता येई. कागदावर उमटलेली धुता येत नसे. निरक्षराच्या मनात शाईविषयी जे भय होते, ते या अनुभवातून आलेले होते.

आता उरली ती चांदीची शाई. चांदी नत्राम्लात विरघळविली म्हणजे सिल्व्हर नायट्रेट नावाचा क्षार मिळतो. त्याचा पाण्यासारखा स्वच्छ द्राव कातडीला लागला तर प्रथम काहीच दिसत नाही. परंतु घामात मीठ असते. त्या मिठाशी संयोग होऊन चांदीचे नवे संयुग बनते. प्रकाश पडताच त्यातून धातुरूप चांदीचे सूक्ष्म कण वेगळे होतात. चांदीचे हे कण डोळ्यांना काळे दिसतात. ते पापुद्र्यांच्या आतच तयार झालेले असल्यामुळे पाणी, साबण, तेल व स्पिरिट ही चारही त्यांच्यापुढे हतबल ठरतात.

हा अनुभव पहिल्याने मोठ्या प्रमाणावर आला तो छायाचित्रकारांना. सर लेपेल ग्रिफिन यांनी मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंविषयीचे एक भव्य पुस्तक 1886 साली प्रसिद्ध केले. त्यातील छायाचित्रे लाला दीनदयाळ यांची असून ग्वाल्हेरच्या वास्तूही त्यांत आहेत. त्या काळी छायाचित्राचे कागद सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावावर पसरून तयार करावे लागत. साहजिकच हा व्यवसाय करणाऱ्यांची बोटे काळी होत, आणि काळी बोटे घेऊन गिऱ्हाइकासमोर जाणे त्यांना लाजिरवाणे वाटे. चांदीचा हा डाग विरघळविणारे एक द्रव्य त्यांच्या हाताशीच होते, ते म्हणजे पोटॅशियम सायनाइड. एकोणिसाव्या शतकातील कित्येक छायाचित्रकार या जहाल विषाने हात धूत असत. बोटावर एखादा ओरखडा असला की विष रक्तात जाई. यातून माणसे दगावली, आणि छायाचित्रणाच्या नियतकालिकांना याविरुद्ध इशारे छापावे लागले. जो डाग महिनाभरात आपोआप झडला असता, त्याच्यापायी प्राण जावा, यापेक्षा अविचाराचे दारुण उदाहरण दुसरे कोणते?

मनुष्याला नकोशा झालेल्या या डागाचाच पुढे स्वतंत्र भारताने उपयोग करून घेतला. 1948 च्या मे महिन्यात ग्वाल्हेर संस्थान मध्यभारत राज्यात सामील झाले, आणि 1951-52 च्या हिवाळ्यात देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदारांची संख्या सुमारे 17 कोटी 30 लक्ष होती आणि त्यांतील फार मोठा भाग निरक्षर होता. एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई लावण्याचे ठरले. ही शाई भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केली होती, आणि त्या निवडणुकीत तिच्या 3,89,816 कुप्या लागल्या.

या घटनेचा एक विशेष सहसा लक्षात घेतला जात नाही. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी होती, तिच्यावर त्याचे चिन्ह होते, आणि कोरी मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकली की मत झाले. म्हणजे मतदाराला लिहावयाचे काहीच नव्हते. शाई होती ती फक्त त्याच्या बोटावर. ज्या बोटांनी आजवर सावकाराच्या खतावर निशाणी केली होती, त्यांना शाईचा असा डाग प्रथमच लागत होता की ज्याने काही जावयाचे नव्हते, उलट काही मिळावयाचे होते. ग्वाल्हेर आणि गुना या दोन्ही मतदारसंघांतून त्या वेळी हिंदू महासभेचे विष्णू घनश्याम देशपांडे निवडून आले. ज्या प्रदेशात दरबारच्या दौतीने दीडशे वर्षे हुकूम लिहिले, तेथे निर्णय आता प्रजेच्या बोटांकडे गेला.

तथापि, ही शाई सर्वांच्याच बोटांपर्यंत पोहोचली नाही. मतदारयाद्या तयार होत असता अनेक स्त्रियांनी परक्या माणसास आपले नाव सांगण्याचे नाकारले. अमक्याची आई, तमक्याची पत्नी एवढीच ओळख त्या देत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत, आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. असा प्रकार प्रामुख्याने ज्या राज्यांत घडला, त्यांत मध्यभारतही होते. ज्या स्त्रीच्या मनगटावर गोंदणाची शाई होती, तिच्या बोटाला मताची शाई लागली नाही, असेही त्या वर्षी घडले. पुढच्या निवडणुकांपर्यंत नावे सांगण्याविषयी खटपट झाली आणि पुष्कळशी नावे यादीत आली.

1962 पासून ही शाई म्हैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, 1937 साली, लाख व रंगांचा कारखाना म्हणून त्याची स्थापना झाली होती. शाईची कृती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची. तिचा मुख्य घटक सिल्व्हर नायट्रेट हाच असून लावताक्षणी खूण दिसावी म्हणून तीत जांभळा रंग मिसळलेला असतो. त्याच वर्षी ग्वाल्हेरहून विजयाराजे शिंदे लोकसभेवर गेल्या. 1971 साली त्याच मतदारसंघातून अटलबिहारी वाजपेयी निवडून आले, आणि 1984 साली तेथेच माधवराव शिंद्यांनी त्यांचा पराभव केला. राजघराण्यातील व्यक्ती असो की शिक्षकाचा मुलगा असो, प्रत्येकास त्याच एका शाईच्या निवाड्यापुढे उभे राहावे लागले.

कायद्यानेही या डागाला संरक्षण दिले आहे. 1961 च्या निवडणूक नियमांनुसार मतदाराच्या डाव्या तर्जनीची तपासणी होते व तिला शाई लावली जाते. तपासणीस नकार देणाऱ्यास, किंवा डाग पुसण्याची खटपट करणाऱ्यास मत देता येत नाही. 2006 पासून नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत सरळ रेघ ओढली जाते. कातडीवरची रेघ काही आठवड्यांत झडते. नखाचे मात्र तसे नाही. नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. तेव्हा नखावरची खूण त्याच्या वाढीबरोबर पुढे सरकत राहते आणि कापून जाईपर्यंत दिसते. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये अफगाणिस्तानात अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा काही केंद्रांवर चुकीची लेखणी वापरल्यामुळे खूण धुतली जाऊ लागली, आणि तेवढ्यावरून सबंध निवडणुकीविषयी संशयाचे वादळ उठले. पुसला न जाणारा डाग ही लोकशाहीत किती मोठी वस्तू आहे, याचे प्रत्यंतर तेथे आले.

पुढे या शाईचा उपयोग मतदानाबाहेरही झाला. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये नोटा बदलून घेणाऱ्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला ती लावण्यात आली. 2020 च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या साथीत, ज्यांना घरीच वेगळे राहावयास सांगितले होते, त्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर महाराष्ट्रात तिचे शिक्के मारण्यात आले. अशा वेळी हा डाग मानाचा न वाटता ओशाळवाणा वाटणे स्वाभाविक होते. आणि तो घालविण्याचे नाना उपाय लोक एकमेकांना सांगू लागले. त्या उपायांत ब्लीच होते, नखांचा रंग काढण्याचा अ‍ॅसिटोन होता, काचकागदसुद्धा होता. यांपैकी एकानेही कातडीला इजा न होता चांदी निघत नाही. निघते ती कातडी, आणि तिच्याबरोबर डाग.

या साऱ्या इतिहासातून घरातील माणसाने घ्यावयाचा बोध थोडक्यात असा. डाग ताजा असतानाच कोमट पाणी व साबण वापरावा. निम्मे काम त्यानेच होते. तेलकट शाईला आधी तेल व मग साबण. बॉलपेन आणि जाड शाईच्या लेखण्या यांच्या डागाला थोडे स्पिरिट, तेही मोठ्यांच्या हातावर. दगड, घासणी आणि वाळू यांना हाताशी येऊ देऊ नये. ब्लीच, रॉकेल, थिनर आणि आम्ले कातडीला लावू नयेत, आणि दोन द्रव्ये तर कधीही एकत्र करू नयेत. कातडी लाल झाली किंवा चुरचुरू लागली की थांबावे, हात धुवावा आणि थोडे खोबरेल लावावे. शाई डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा व वैद्यकीय सल्ला घ्यावा. टाकाचे अथवा लेखणीचे टोक हातात रुतले तर शाई उकरून काढू नये. जखम धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. अशा जखमेत राहिलेला निळा ठिपका म्हणजे नकळत झालेले गोंदणच असते. तो दिसावयास बरा नसला तरी बहुधा निरुपद्रवी असतो.

आणि एवढे करूनही जो फिकट डाग उरेल, तो तसाच राहू द्यावा. कातडी आपले काम रात्रंदिवस करीत असते. तिला घाई नसते आणि विश्रांतीही नसते. दरबारी कारकुनाच्या बोटावरची काजळी, शाळकरी मुलाच्या तळहातावरची निळी शाई, छापखान्यातील कामगाराच्या नखांतील तेल आणि मतदाराच्या तर्जनीवरची चांदी या सर्वांना ती क्रमाक्रमाने निरोप देते. महिन्याभराच्या धीराने जे निश्चित साधते, त्यासाठी विष, आम्ल किंवा काचकागद हाती घेण्याचे मनुष्यास कधीच कारण नव्हते, आणि आजही नाही.